कुठली पिशवी?

मला आजार एकच झाला. कागदावर मात्र तीन झाले. पहिला चुकीचा, दुसरा हास्यास्पद आणि तिसरा खरा. खरा आजार कागदावर यायला नऊ महिने लागले. एवढ्या वेळात बाई बाळंत होते.

मी नर्सबाई. मोठ्या दवाखान्यातली नव्हे, उपकेंद्रातली. गावोगाव फिरून लस टोचायची, बाळंतपणं करायची आणि उरलेल्या वेळात रजिस्टरं भरायची. तीस वर्षं नोकरी केली, सगळी आदिलाबाद जिल्ह्यात. सुरुवातीची तलमडुगुकडे, शेवटची अकरा मुधोळजवळच्या एका गावात. निवृत्त झाल्यावर गुडीहत्नूरला राहायला आले. तिथं हायवेलगत आमच्या यांचं कापडाचं दुकान आहे.

उपचार चालू असताना मी कॅन्सरवरचे अनुभव पुष्कळ वाचले. सगळ्यांत बाई शूर असते, डॉक्टर देवमाणूस असतो आणि नवरा रात्रंदिवस उशाशी बसतो. मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. शूर कसं व्हायचं हे मला शिकायचंच नव्हतं. काउंटरवर नेमके कोणते शब्द बोलायचे, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून मी ते लिहायला बसले आहे.

पाळी वापस आली

माझी पाळी बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. महाशिवरात्रीच्या सुमारास एका सकाळी परकरावर डाग दिसला. दोन दिवस दिसला, थांबला, आठवड्यानं पुन्हा दिसला.

आमच्या भागात याला एक ठरलेलं वाक्य आहे. बायका पदर तोंडाला लावून, हसत हसत सांगतात, "बाई, माही तं पाळी वापस आली." त्यात थोडी लाज असते आणि थोडं मिरवणंही असतं. वय झालं तरी अंगात धग आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. तीस वर्षांत मी हे वाक्य किती जणींकडून ऐकलं असेल, सांगता येत नाही. आणि वेळ आली तेव्हा मीही तेच बोलले.

आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंसमोर बसून म्हणाले, "पाळी परत सुरू झालीय." बाईंनी मान वर न करता लिहिलं, पाळी अनियमित. त्याच कागदावर दोन ओळी वर माझं वय लिहिलेलं होतं, साठ. साठाव्या वर्षी पाळी अनियमित नसते, ती नसतेच. पण आपल्याकडे कागदाच्या वरच्या ओळीनं खालच्या ओळीशी बोलायची पद्धत नाही. रक्त थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या खेपेला दुसरी डॉक्टर होती. तिनं जुन्या कागदावरचे दोन शब्द नव्या कागदावर उतरवले आणि त्याच गोळ्या दिल्या. असे आठ महिने गेले.

मला कळत नव्हतं का? कळत होतं. प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलेलं होतं, परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण दुसऱ्यानं आपल्या आजाराला सौम्य नाव दिलं की ते नाव सोडवत नाही. मी त्या दोन शब्दांना धरून बसले होते. मूर्खपणा होता आणि तो माझा होता.

"औषध लागू पडून राह्यलं का?" हे दुकानातून जेवायला आले की विचारत.

"हौ," मी म्हणे.

यापलीकडे सांगायची आमच्या घरात रीत नव्हती. पस्तीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्या बेंबीखालच्या कशाचाही उल्लेख शब्दानं केलेला नव्हता. आमची लेक लता झाली तेव्हा त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं, "यांची तब्येत मोकळी झाली."

ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना इथंच सांगते. पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी पाळी हा शब्द तोंडातून काढू नका. इतकी वर्षं बंद आहे आणि आता रक्त जातंय, एवढंच म्हणा. समोरच्याला ते वाक्य लिहायला भाग पाडा आणि त्यानं काय लिहिलं ते वाचा.

निदानाचा दिवस

दिवाळीला लता आली. ती आदिलाबादला शाळेत शिकवते. मी ओटा धरून उभी होते आणि माझा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तिनं आठ महिन्यांचे कागद मागितले, पलंगावर बसून एकेक वाचले आणि माझ्यावरच उखडली.

"आई, तू नर्स होती ना? काऊन बसून राह्यली एवढे दिवस?"

चौथ्या दिवशी आम्ही हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात होतो. तिथल्या डॉक्टर वयानं माझ्याएवढ्या, बुटक्या आणि तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कागदांना हातही लावला नाही. तेलुगूत विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती, अम्मा?"

"नऊ वर्षांमागं."

"मग हे पाळीचं रक्त नाही."

आठ महिन्यांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी जोरात रडावंसंही वाटलं. त्यांनी आतला तुकडा तपासणीला पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक अजून अस्तरापाशीच आहे, गर्भाशय काढलं तर पुष्कळ आशा आहे, पण तीन आठवड्यांच्या आत काढायला हवं. आधीच फार वाट पाहिली आहे.

मी घाबरले. लताचा हात इतका आवळला की तिच्या बांगड्या तिलाच रुतल्या. तिनं हात सोडवून घेतला नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं. माझी नणंद चिवड्याचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "पिशवीच काढाची हाय ना, वहिनी? आता काय पोरं कराचे हाय तुमाले?" चिवडाही तिनंच संपवला.

काउंटर

निवृत्त कर्मचाऱ्यांना सरकारी योजनेचं कार्ड असतं. शस्त्रक्रिया त्यावर होणार होती. त्यासाठी रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरवर आजाराची नोंद करायची, ती कॉम्प्युटरनं वर जायची आणि वरून मंजुरी यायची.

नोंद शब्दांत होत नाही. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि पुढं आकडे असतात. माझा आजार म्हणजे सी चोपन्न. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आता झोपेतून उठवलं तरी सांगेन.

लता झेरॉक्स काढायला गेली होती. मी खुर्चीवर टेकले होते. काउंटरला आमचे हे उभे होते आणि पलीकडे कॉम्प्युटरपाशी एक विशीतिशीतली मुलगी. डॉक्टरांचं अक्षर तिला लागलं नाही. डॉक्टर एक मजला वर बसत होत्या, फोन तिच्या कोपराशी होता. पण तिनं विचारलं कोणाला, तर ज्या माणसानं पस्तीस वर्षांत तो शब्द उच्चारला नव्हता त्याला.

"अंकल, कैन्सर किधर का है?"

"पिशवीचा," हे म्हणाले. मग हिंदीत, "थैली का."

"कौन सी थैली?"

मराठीत पिशवी म्हटलं की बायकांना कळतं. ज्या बाईची पिशवी काढली तिला आणखी काही सांगावं लागत नाही. पण त्या मुलीच्या यादीत पिशव्या अनेक होत्या. यांच्या मागं रांगेत दहा माणसं उभी होती.

"अंदर की," हे म्हणाले.

"पेशाब की थैली?"

"हौ, हौ. वहीच."

मला ते 'हौ, हौ' तेवढं ऐकू आलं, बाकीचं मागाहून कळलं. झालं वाटतं काम, असं मला वाटलं. मुलीनं बटण दाबलं आणि मला मूत्राशयाचा कॅन्सर झाला. सी सदुसष्ट. शरीरात या दोन पिशव्या एकमेकींना टेकून असतात, आकड्यांत त्यांच्यात तेराचं अंतर आहे.

मला भरती केलं होतं त्या वॉर्डात दुसऱ्या दिवशी एक नर्स चिठ्ठी घेऊन आली. म्हणाली, भरपूर पाणी प्या, लघवीच्या पिशवीत कॅमेरा घालून बघायचंय.

"माझ्या लघवीच्या पिशवीला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"फाइलमध्ये आहे, अम्मा."

"मग फाइललाच झालं असेल. तिच्यातच कॅमेरा घाला."

ती रागावून निघून गेली. मला तिच्या रागाची पर्वा नव्हती. आजार माझा, रक्त माझं, तपासणीचं उत्तर माझ्या उशाखाली, आणि शब्द मात्र फाइलचा चालणार. डॉक्टर खाली उतरून काउंटरवर गेल्या तेव्हा चूक सापडली. जुनी नोंद रद्द करायची, कारण लिहून द्यायचं, नवी नोंद करायची, पुन्हा वर पाठवायची. यात पाच दिवस गेले. त्या मुलीनं एकदाही माफी मागितली नाही. तिचं म्हणणं, तिनं दोनदा विचारून घेतलं होतं.

संध्याकाळी बाकावर यांना धारेवर धरलं. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे म्हणाले, "काय म्हनू मी तिच्यापुढं? लताएवढी पोरगी होती ते."

दुसऱ्या दिवशी नवी नोंद करायला तेच गेले, मला जाऊ दिलं नाही. मुलीनं तोंड उघडायच्या आत त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गर्भाशय. जिसमें बच्चा रहता, वो थैली. उसके अंदर का अस्तर." कान लाल झाले होते. त्या दोन महिन्यांत माझ्यासाठी कोणी काही केलं असेल तर ते हे, आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

कुठला जिल्हा

आजार बरोबर लिहिला गेला, तर मीच चुकीची निघाले. त्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले होते. गावं होती तिथंच होती. पण माझ्या कार्डावर शेवटच्या नोकरीचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं होतं आणि ते गाव आता निर्मल जिल्ह्यात गेलं होतं. नोंद परत आली. शेवटच्या कचेरीतून पत्र आणा, कर्मचाऱ्यानं स्वतः हजर राहून सही करावी. तीन आठवड्यांतले आठ दिवस उरले होते.

अस्तराचा कॅन्सर झालेली बाई आदिलाबादची की निर्मलची, हे ठरेपर्यंत तिनं रक्त सांडत बसायचं होतं. मी कापडाच्या घड्या लावल्या, वर जाड लुगडं नेसले आणि आम्ही भाड्याच्या गाडीनं मुधोळकडे निघालो.

आरोग्य केंद्रातला कारकून ओळखीचाच होता. माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "बाई, तुमची मिसल-फाइल राह्यली आदिलाबादले अन् तुमी आल्या निर्मलमंदी. आता आमी काय करावं?"

"पत्र द्यावं."

"पत्र देतो. शिक्का कोनता मारू? जुना मारला तं वापस येते. नवा अजून आला नाही."

शिक्क्यासाठी मी तिथं तीन तास बसले. शेवटी त्यानं जुनाच शिक्का मारला, त्यावरचा आदिलाबाद पेनानं खोडला आणि निर्मल लिहिलं. हीच अक्कल पहिल्या पाच मिनिटांत सुचली असती तर काही बिघडलं नसतं.

पण त्या तीन तासांत दुसरं काही घडलं. ज्या खोलीत मला बसवलं होतं, तिथं नव्या जिल्ह्याला पाठवायच्या रजिस्टरांचे गठ्ठे जमिनीवर पडलेले होते. वरचंच माझं होतं. माझं अक्षर मला दुरून ओळखता येतं. वेळ जात नव्हता म्हणून उघडलं.

आमच्या रजिस्टरात मराठीत ऐकलेलं तेलुगूत लिहावं लागे, आणि तक्रारीचा रकाना दोन बोटं रुंद. लिहिण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून मी शेवटच्या पानावर माझी स्वतःची यादी केली होती. एक म्हणजे कंबरदुखी, दोन म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, अशी. सात म्हणजे पाळी अनियमित. मला त्या यादीचा अभिमान होता. सुपरवायझरनं एकदा दुसऱ्या नर्सबायांना ती दाखवली होती.

मी पानं उलटत गेले. वय अठ्ठावन्न, सात. वय त्रेसष्ट, सात. पुढं रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्याची खूण. मोजायला लागले आणि मधेच सोडलं. एक नाव एकाच वर्षात तीनदा होतं. गंगाबाई, वय एकसष्ट, सात. गंगाबाई, सात. गंगाबाई, सात. तिची वांगी-कोथिंबिरीची वाडी होती, मी गेले की माझ्या पर्समध्ये मेथीची जुडी कोंबायची. काउंटरवरच्या त्या मुलीनं निदान दोनदा विचारलं होतं. मी गंगाबाईला एकदाही विचारलं नव्हतं, शेवटची कधी आली होती म्हणून.

कारकुनानं हाक मारली. मी रजिस्टर मिटलं, सही केली, पत्र घेतलं. खोटं कशाला लिहू, त्या वेळी मला फक्त माझं पत्र हवं होतं.

शस्त्रक्रिया

पत्र चाललं, मंजुरी आली आणि मुदतीला दोन दिवस उरले असताना गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. रोग अस्तरातून थोडासा स्नायूत उतरला होता, म्हणून पुढं काही दिवस किरणोपचार घ्यावे लागले. आठ महिने आधी आला असतात तर याची गरज नव्हती, डॉक्टर म्हणाल्या. त्या गोड बोलत नसत, त्यामुळे त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

वॉर्डातले दिवस सारखेच असतात. पहाटे तापमान, मग झाडू, मग कोणीतरी येऊन नाव, वय आणि आजार विचारणार. नर्स म्हणून मी तीस वर्षं लोकांना असंच विचारत आले होते. पलंगावरून ऐकलं की तो आवाज किती उर्मट वाटतो ते कळतं. चांगलं म्हणावं असं एकच. एक आया होती, तिला माझा आजार माहीत नव्हता आणि तिनं विचारलाही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून माझ्या केसांचा गुंता काढला आणि घट्ट वेणी घातली. तेवढा वेळ मी माणसात होते.

गंगाबाईचं घर

टाके भरले, ताकद आली. पुढच्या उन्हाळ्यात मी यांना न सांगता बसनं मुधोळला गेले आणि तिथून रिक्षानं त्या गावात.

गंगाबाईची सून अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं लगेच ओळखलं. "बाई, तुमी? या, बसा. केवढ्या वाळल्या."

"सासू कुठं हाय?" मी विचारलं.

"त्या गेल्या ना, बाई. दोन वर्सं होतील आता. पोट फुगून राह्यलं होतं. नांदेडले नेलं तं डॉक्टर म्हने, लय उशीर केला, आता घरी न्या."

ती आत गेली, चहा घेऊन आली, माझ्यासमोर बसली. तिच्या बोलण्यात कुठंही तक्रार नव्हती.

"आमी किती डाव म्हटलं, मोठ्या दवाखान्यात चला. आयकतच नव्हत्या. म्हनत, मले आमच्या बाईनं पाह्यलं हाय. तिनं रजिस्टरात लिवून घेतलं हाय. तुमच्या लाल गोळ्या डब्बीत घालून ठेवत. लय नाव घेत होत्या तुमचं."

चहा हातात तसाच राहिला. निघून जाता आलं असतं. सून मला दारापर्यंत पोचवायला आली असती, वाटेत मेथीही दिली असती.

"मी चुकीचं लिहिलं होतं," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मंग बरोबर काय लिवाचं होतं?"

मी सांगितलं. पाळी बंद झालेल्या बाईला रक्त जात होतं. तिला त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं. मला ते माहीत होतं आणि मी तिथं सात लिहिलं.

तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि खाली ठेवला. मग आत बघून नवऱ्याला हाक मारली. "अहो, बाहेर या. बाई काय म्हनून राह्यल्या, ते तुमी आयका."

गंगाबाईचा मुलगा टॉवेलला हात पुसत बाहेर आला आणि समोर उभा राहिला. मी त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.